‘आंबो झालो की बघूया’ : आमच्या प्रभागसंघाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
आमचा महिला बचत गटांचा प्रभागसंघ, देवगड तालुका

बायांनो, सप्रेम नमस्कार.

गेल्या मासिक बैठकीत सातवा विषय होता ‘महिलांचे आरोग्य’. सहावा विषय कोकम आगळाच्या बाटल्यांचा. बाटल्यांच्या भावावरून जी जुंपली तिच्यात सव्वापाच वाजले, कोणाची तरी शेवटची एसटी होती, आणि सातवा विषय ‘पुढील बैठकीत घेण्यात येईल’ असं लिहून इतिवृत्तावर सह्या झाल्या. माझीही सही आहे त्यावर. घरी आल्यावर ती खुपत राहिली, कारण त्या विषयावर बोलायचं म्हणून मी महिनाभर मनात जुळवाजुळव केली होती. पुढच्या वेळी चाळीस जणींसमोर तोंड उघडेल की नाही, माझा मलाच भरवसा नाही. म्हणून लिहिते. खुलं पत्र लिहिते ते शेजारच्या प्रभागातल्या बायांनीही वाचावं म्हणून. पुरुषांनी वाचलं तरी हरकत नाही.

विषय मॅमोग्राफीचा आहे. म्हणजे स्तनांचा एक्स-रे. ‘स्तन’ हा शब्द आपल्याकडे कोणी उच्चारत नाही. ‘छाती’ म्हणतो, ‘तिकडे’ म्हणतो, नाहीतर नुसती मान हलवतो. मी या पत्रात स्तन असंच लिहिणार आहे. वाचताना कोणाला ओशाळं वाटलं तर चहा करून या आणि मग पुढचं वाचा.

मी स्वतः किती धीराची, ते आधी सांगून टाकते. तीन वर्षांपूर्वी जवळच्या एका शाळेत तपासणी शिबिर होतं. नाव नोंदवायला टेबलावर दोन तरुण मुलगे. मागे वर्गाच्या दारावर चादर लावलेली, ती वाऱ्याने उडायची. आणि कर्ण्यावरून कोणीतरी, शिमग्याची पालखी आल्याची वर्दी द्यावी तसं, ‘स्तनाच्या कर्करोगाची तपासणी मोफत’ म्हणून ओरडत होतं. समोर मैदानात आमच्याच वाडीतली पोरं क्रिकेट खेळत होती. रांगेत माझ्यापुढे सहा जणी होत्या. एकेक करत चौघी ‘चुलीवर भात आहे’ म्हणून गेल्या. पाचवी मी. माझ्या चुलीवर काही नव्हतं. संध्याकाळी शिबिरवाल्यांनी म्हणे खेद व्यक्त केला, की ग्रामीण महिलांमध्ये जागृती नाही. जागृती भरपूर होती हो. आडोसा नव्हता.

त्यानंतर मी काय केलं? आपण सगळ्या करतो तेच. आंबो झालो की बघूया. आंबा झाला, मग पाऊस. पावसात कुठे घाट चढायचा? मग गणपती, चाकरमानी घरात, उसंत नाही. मग भातकापणी, दिवाळी, तुळशीचं लग्न, आणि परत मोहोर. कोकणातलं वर्ष असं आहे की त्यात बाईच्या दवाखान्याचा महिना बसतच नाही. तो कोंबून बसवावा लागतो.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना तुम्ही ओळखता. सात वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या स्तनात गाठ आली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असा त्यांचा हिशोब. हळदीचा लेप लावून त्यांनी ती दीड वर्ष दडवली, आधी लेकाचं लग्न होऊ दे, मग नातवाचं बारसं होऊ दे म्हणून. कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसायला लागली तेव्हा त्या मला पडवीच्या अंधारात घेऊन गेल्या आणि चोळी सोडून दाखवली. पुढे परळचं टाटा हॉस्पिटल, ऑपरेशन, केमोच्या फेऱ्या, नालासोपाऱ्याला पुतण्याकडे नऊ महिने मुक्काम. एक स्तन गेला, बाई राहिली. आज त्या आपल्या गटाची आमसुलं वाळवतात. पण डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं त्या अजून सांगतात: कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि माणसं नेमकी दुखण्याची वाट बघत बसतात.

एवढं घरात घडूनही मी जात नव्हते, हे लक्षात घ्या. माहिती मला होती. शेवटी गेल्या पौषात जाऊबाईंनीच एका सकाळी पिशवी भरून दारात ठेवली. ‘चल. तू कित्याक भियतस? मी आसंय मगे.’

फोंडा घाटाने कोल्हापूरला गेलो. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते आपण माहेरी जायला आणि जत्रेला वापरतो, दवाखान्याला पहिल्यांदाच वापरलं. दाजीपूरच्या पुढे गाडी थांबली तेव्हा मी तोंड धुतलं आणि, कुठे चारचौघांत जायचं म्हणून, अंगाला भरपूर पावडर लावली. ही माझी पहिली चूक. तपासणी केंद्रातली फोटो काढणारी मुलगी मला बघूनच हसली. ओला कापूस देऊन काखेपासून सगळं पुसायला लावलं. पावडर, डिओ यांचे कण फोटोत पांढरे ठिपके म्हणून उठू शकतात, आणि डॉक्टर शोधत असतात तेही बारीक पांढरे ठिपकेच. म्हणजे मी माझ्या हाताने रोग रंगवून घेऊन गेले होते.

आता आतल्या खोलीतलं सांगते, सावकाश, कारण मला कोणी हे सांगितलं असतं तर माझी मधली वर्षं वाचली असती.

खोलीत एकच मुलगी होती, कुडाळकडची निघाली. दार आतून बंद. कमरेच्या वरचे कपडे काढून पुढून उघडणारा झगा घालायचा. साडी-ब्लाउज घातलेलं बरं पडतं, साडी कमरेला तशीच राहते. मग ती म्हणाली, काकी, गळ्यातलं काढावं लागेल. इथे मी अडले. यंत्राला नाही, मंगळसूत्राला अडले. लग्न झाल्यापासून ते अंगावरून उतरलेलं नव्हतं. मुलीने कटकट केली नाही. दार किलकिलं करून तिने जाऊबाईंना बोलावलं. त्यांनी हात पुढे केला. ‘दी हय. दोन मिन्टां गळ्यात नसला म्हणान कोण मरणा नाय.’ आणि मूठ मिटून बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

यंत्र उभं असतं, आपणही उभंच राहायचं. बोगद्यात घालतात ते वेगळं, तसलं काही नाही. आपल्या उंचीप्रमाणे एक सपाट पाट खालीवर होतो. पाट पौषातल्या पाट्यासारखा गार. मुलगी आपल्या हाताने स्तन त्यावर नीट मांडते. मांडते हाच शब्द बरोबर आहे, भाकरी तव्यावर घालावी तसं. मग पायाने पेडल दाबते, आपल्या शिलाई मशीनसारखं, आणि वरून प्लास्टिकची पारदर्शक पट्टी खाली येते. दाब वाढत जातो. ‘आता श्वास धरा.’ काही सेकंद. खट्ट. पट्टी आपोआप सुटते. असे प्रत्येक बाजूचे दोन फोटो, एक वरून आणि एक तिरका. तिरक्याला यंत्रच कलतं, हात वर घेऊन दांडा धरायचा आणि काख पण त्यात घ्यायची. एकूण चार वेळा श्वास धरला. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं, त्यातली पाच माझ्या पावडरीची.

दुखलं का? दुखलं. खोटं सांगणार नाही. तिरक्या फोटोला जास्त. पण दुखणं जाणवून ‘आई गं’ म्हणेपर्यंत पट्टी सुटलेली असते. मुलगी म्हणाली, पाळीच्या आधीचे दिवस टाळून पाळी झाल्यावरच्या आठवड्यात यायचं, तेव्हा स्तन हुळहुळे नसतात. आणि सहन झालं नाही तर थांबा म्हणायचं, ती थांबते.

दाबायचंच कशाला, हे मी तिला विचारलं. तिने सांगितलं ते मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. आंब्याचं साठं घालताना ताटात रस जाड राहिला तर उन्हाकडे धरून काही दिसत नाही, नुसता पिवळा गोळा. पातळ पसरलेलं साठं धरलं की त्यातला एकेक केसर दिसतो. स्तनाचं तसंच. पसरल्याने थरावर थर येत नाही, फोटो हलत नाही, आणि किरणंही कमी लागतात. दाबल्याने रोग पसरतो हे आपल्याकडे सर्रास म्हणतात, त्यात काही तथ्य नाही. किरणांचं म्हणाल तर चारही फोटो मिळून जेवढी जातात तेवढी आपण नुसतं या पृथ्वीवर राहून साधारण सात आठवड्यांत घेतच असतो.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. खरी भीती मला त्यानंतर वाटली, आणि तिचं खापर मी त्या मुलीवर नाही, पाकिटावर फोडते.

संध्याकाळी पाकीट मिळालं. आत इंग्रजी. खाली लिहिलेलं: बायरॅड्स ०. खिडकीवरचा माणूस म्हणाला, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर त्या दिवशी गेलेले. घाट उतरेपर्यंत मी खुशीत होते, शून्य म्हणजे काहीच नाही ना! घरी भाचा आला, फार्मसी शिकतो तो. त्याने वाचलं, मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि गप्प झाला. पोरगा गप्प झाला म्हटल्यावर माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्यानंतरचे अकरा दिवस मी मोजलेत. दागिने कोणत्या मुलीला कोणते, इथपर्यंत माझं वाटून झालं होतं.

अकराव्या दिवशी परत गेलो. एक जादा फोटो आणि सोनोग्राफी. पाण्याची गाठ निघाली, अगदी निरुपद्रवी. नवीन पाकिटावर २ लिहिलेलं.

बायरॅड्सचे हे आकडे म्हणजे मार्क नव्हेत, हे कोणीतरी मला एका वाक्यात सांगायला हवं होतं. ० म्हणजे एवढ्या फोटोंवरून सांगता येत नाही, अजून एक-दोन काढू. १ म्हणजे काही नाही. २ म्हणजे काहीतरी आहे पण साधं. ३ म्हणजे बहुतेक साधंच, तरी सहा महिन्यांनी परत बघू. ४ आणि ५ ला सुईने तुकडा घेऊन तपासतात, आणि ४ वाल्या सगळ्यांनाच कर्करोग निघतो असं नाही. ६ म्हणजे आधीच सिद्ध झालेला. पहिल्या वेळेला ० येण्याची शक्यता जरा जास्तच, कारण ताडून बघायला जुने फोटो नसतात. परत बोलावलेल्यांपैकी बहुतेक जणी माझ्यासारख्याच हात हलवत घरी येतात. म्हणून फोटो जपून ठेवायचे, रेशन कार्डाच्या पिशवीत, आणि पुढच्या वेळी न्यायचे.

तुम्हाला पहिली बँक आठवते? गट स्थापन झाला तेव्हा खातं उघडायला कोणी जायला तयार नव्हतं. काचेच्या मागचा माणूस काय विचारेल, सही चुकली तर काय, आपलं इंग्रजी नाही. मग आपण पाच-पाच जणी जायला लागलो. एक जाऊन आलेली, चार नव्या. आज त्याच बँकेत आपल्या अध्यक्षबाई मॅनेजरला व्याजाचा हिशोब समजावून सांगतात. बँकेवरचा कोणताही माहितीपट आपल्याला तिथे घेऊन गेला नव्हता. तेच इथे करायचं आहे, आणि ते आरोग्य खात्याच्या पोस्टरपेक्षा आपल्याला जास्त चांगलं जमेल असं माझं ठाम मत आहे.

पण सरसकट सगळ्यांना गाडीत घालू नका. तिशीच्या पुढच्या बायकांचे स्तन नर्सताईंनी हाताने तपासायचे, पाच वर्षांतून एकदा, असं सरकारच्या कार्यक्रमातच आहे. उपकेंद्रात जाऊन हक्काने मागा. हाताची तपासणी म्हणजे गरिबाची तपासणी असं समजू नका. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईत, आपले चाकरमानी राहतात तसल्याच वस्त्यांत, दीड लाख बायकांवर हा अभ्यास केला. निम्म्याजणींना, डॉक्टरांनी नव्हे तर शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी, दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये छापून आला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही त्यात आहे.

मॅमोग्राफी कधीपासून, यावर जगात एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५० ते ६९ म्हणते, दर दोन वर्षांनी. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये ४० पासून म्हटलं. आपण चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. तरुण मुलींना ती उगाच करायला लावू नका. तरुणपणी स्तन भरीव असतात, फोटोत पांढरे दिसतात, आणि गाठही पांढरीच दिसते. भातात खोबरं शोधण्यातला प्रकार. त्यांना बहुधा सोनोग्राफी सांगतात. आणि गाठ हाताला लागत असेल, बोंड आत ओढलं गेलं असेल, त्यातून रक्त येत असेल, तर वयही बघू नका आणि गाडी भरायची वाटही बघू नका. मागच्या वर्षीचं पाकीट चांगलं असलं तरी.

उरली ती एक भीती, जी कोणी बोलत नाही आणि मला चौघींनी खळ्यात, आवाज खाली करून बोलून दाखवली. ‘कळला तर? मगे चेडवांची लग्ना?’ घराण्यात आहे म्हणतील. तर बायांनो, स्तनाचा कर्करोग होणाऱ्या शंभर बायकांत जन्मजात दोषामुळे होणाऱ्या पाच ते दहा. बहुतेकींच्या घरात आधी कोणालाच झालेला नसतो. २०२२ या एका वर्षात देशात एक लाख नव्वद हजारांवर बायकांना तो नव्याने झाला. एवढी घराणी नासलेली नसतात. आमच्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न त्यांच्या केमोनंतर दोन वर्षांनी झालं, आणि जावई चांगला आहे. सासू जरा कटकटी आहे, पण ते वेगळं.

पैशांचं. मला अठराशे रुपये पडले, जाणं-येणं वेगळं. आपल्या अंतर्गत कर्जाच्या वहीत मी मागची पाच वर्षं चाळली. शेळी आहे, मिक्सर आहे, मुलाची फी आहे. ‘आरोग्य’ कारणासाठी अकरा कर्जं, त्यातली नऊ नवऱ्याच्या दुखण्यासाठी. मी कोणाच्या नवऱ्यावर टीका करत नाही. फक्त वही काय म्हणते ते सांगितलं. दुर्दैवाने काही निघालंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात, त्याची कागदपत्रं आधीच एका फायलीत लावून ठेवणं हे काम आपल्या लेखापाल बाई डोळे मिटून करतील.

तर पुढच्या बैठकीत सातवा विषय पहिला घ्या. आत काय होतं ते मी उभी राहून सांगेन. घाबरले तर हे पत्र वाचून दाखवा. आणि जानेवारीची तुकडी ठरवा, मोहोरावरची फवारणी व्हायच्या आत. सात जणींची. फोन करून आधी विचारायचं: फोटो काढणारी बाई आहे का, पाकीट कधी मिळेल, आणि मिळेल त्या दिवशी ते मराठीत समजावून सांगणारं कोणी असेल का. तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू’ म्हणाले तर दुसरीकडे फोन.

पाच नावं माझ्याकडे आलीत. पावडर कोणीही लावायची नाही. सोबत जाऊबाई येणार आहेत, त्या बाहेर बाकावर बसतील. मागच्या वेळी माझं मंगळसूत्र मुठीत धरून त्यांच्या तळव्याला वळ उठले होते. या वेळी त्यांनी जुन्या खणाचा बटवा शिवून ठेवलाय, सात कप्प्यांचा, आणि प्रत्येक कप्प्यावर वेगळ्या रंगाचा टाका घातलाय, सोडताना कोणाचं कोणाकडे जाऊ नये म्हणून.

आपली,
माजी सचिव